चाळीस फुटांवरचं जंगल

इस्तारी मारबते पहिल्यांदा माझ्या शाळेत आला, तेव्हा रंगाचा डबा उघडण्याआधी त्यानं एकच गोष्ट विचारली. "गुर्जी, पोरं कुठी बसतेत?"

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच चंद्रपुरातून वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्याचा छापील नकाशा काही आमच्या शाळेपर्यंत पोचत नव्हता, म्हणून मी तो वर्गाच्या भिंतीवर रंगवून घ्यायचं ठरवलं. आमचं गाव वडश्यापासून दोन कोसांवर. तिथल्याच कोणीतरी इस्तारीचं नाव सुचवलं; नाटकाचे पडदे रंगवतो, नकाशाही काढेल म्हणाले. तिशीच्या आतबाहेरचा, काटक, मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचा गडी. मी बोट दाखवलं तिथं, अगदी शेवटच्या रांगेत, दोन मुलींच्या मध्ये तो मांडी घालून बसला आणि कोऱ्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिला. मुली तोंडाला फ्रॉक लावून हसत होत्या.

"इथून गावाचं नाव बोटाएवढं पायजे," तो उठून म्हणाला. "अन् वैनगंगा जाड पायजे. दिसलीच नाई तं कायची वैनगंगा?"

पुढे तपासणीला साहेब आले. भिंतीजवळ उभे राहून त्यांनी नकाशा पाहिला आणि नदीचं प्रमाण चुकलं आहे असा शेरा दिला. योगायोगानं इस्तारी दाराला रंग देत बाहेरच होता. ब्रश हातात तसाच धरून तो आत आला. "साहेब, तुमी उभे हा. पोरायजवर खाली बसून पाहा, मंग सांगा."

साहेब बसले नाहीत. इस्तारीनं नदी बारीक केली नाही. शेरा माझ्या नावावर पडला, आणि ती जाड वैनगंगा शाळेची जुनी इमारत पाडेपर्यंत भिंतीवर वाहत राहिली.

हे आधीच सांगून टाकतो, कारण मागच्या हिवाळ्यात चंद्रपुरात त्यानं जे केलं तो लोकांना म्हातारपणीचा हट्ट वाटला. हट्ट होताच. म्हातारपणाचा मात्र नव्हता.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई भरली की रात्री नाटक लागतं. उघड्या शेतात मंच बांधतात, समोर माणसं जमिनीवर बसतात. मंचाच्या मागे पडदे असतात. महाल, रस्ता, झोपडी, जंगल. प्रवेश बदलला की पडदा बदलतो. इस्तारीनं चाळीस वर्षांत असे किती पडदे रंगवले ते त्यालाही माहीत नाही. सगळे मांजरपाटावर, सरसात कालवलेल्या भुकटीच्या रंगांनी. हाडा-चामड्याचा तो चिकट सरस त्याची बायको वच्छला शिजवायची. त्याचा वास असा, की ज्या दिवशी मारबत्यांच्या घरी सरस चुलीवर असेल त्या दिवशी शेजारचे जेवायला दुसऱ्या आळीत जात.

महाल कोणालाही जमतो, जंगल कठीण, असं इस्तारी म्हणे. त्याचं कारण त्यानं मला एकदा समजावून सांगितलं होतं. मंचावर पिवळे बल्ब असतात. पिवळ्या उजेडात साधा हिरवा रंग वाळक्या पानासारखा दिसतो. म्हणून हिरव्यात नीळ घालायची, आणि ती इतकी, की दिवसा पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाचं डोकं फिरलं आहे. रात्री बल्ब लागले की तेच जंगल हिरवंगार होतं. नीळ किती, हा निर्णय वच्छलाबाईचा. ती बोटानं मडक्याच्या काठावर एक रेघ ओढायची, सुकू द्यायची, मग म्हणायची, "आनखी चिमूटभर." इस्तारीनं त्या चिमटीवर कधी वाद घातला नाही. इतर सगळ्यावर घातला.

पडदा रंगवायच्या आधी तो ज्या शेतात नाटक होणार तिथं जायचा, आणि जिथं बाया लेकरं घेऊन बसतात, म्हणजे मंचापासून चाळीस फुटांवर, तिथं ढेकळांत बसून घ्यायचा. एकदा एका नाट्यमंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "एवढं आकाश रिकामं ठेवलं आहेस, तिथं माझं नाव टाक मोठ्या अक्षरांत."

"जंगलात लोकं तुमचं नाव वाचत बसले," इस्तारी म्हणाला, "तं हिरोइन हरवली हे कोनाले वाटन?"

अध्यक्ष अडून बसले. इस्तारीनं ब्रश धुतले, डबे उचलले आणि अर्धा पडदा तसाच सोडून घरी आला. स्वतःचं नावही त्यानं कधी कुठल्या पडद्यावर घातलं नाही.

मग फ्लेक्स आला. एका दिवसात छापून मिळणारा, पाण्यानं न बिघडणारा. दोन-तीन हिवाळ्यांत इस्तारीचं काम संपलं. मांजरपाटाचे पडदे कोणाच्या गोठ्याला, कोणाच्या धानाच्या पुंजण्यावर, म्हणजे गंजीवर, गेले.

अशाच एका पुंजण्यावर पुण्याच्या शाल्मलीला तो पडदा सापडला. चित्रकलेचं शिक्षण घेतलेली तिशीतली मुलगी, आताच्या काळातल्या कलेची प्रदर्शनं मांडते. आमच्या भागात फिरत असताना तिला दुपारच्या उन्हात धानावर पसरलेलं निळं जंगल दिसलं. तिनं तो पडदा नाट्यमंडळाकडून रीतसर मागून घेतला, चिखल झटकला, आणि हा कोणी रंगवला ते विचारत विचारत इस्तारीच्या दारी आली. हे तिचं मोठेपण. दुसऱ्या कोणी नाव विचारलं नसतं. चंद्रपुरात प्रदर्शन, नंतर मुंबईत, आणि मग तिथल्याच एका संग्रहालयात तो पडदा कायमचा राहणार, असं ठरलं.

डिसेंबरात निमंत्रण आलं. कार्ड आणि सोबत एक गुळगुळीत पुस्तिका घेऊन इस्तारी माझ्या घरी आला, मागून वच्छलाबाई. त्याच्या चष्म्याची काडी तुटली होती.

"वाचा गुर्जी."

कार्डावर प्रदर्शनाचं नाव होतं, 'निळे अरण्य'. मी पुस्तिकेतलं पान वाचू लागलो. इस्तारी मारबते यांचे अरण्य निळे आहे. हा निळा रंग म्हणजे संपत चाललेल्या वनाचा शोक. झाडांनी स्वतःसाठी धरलेले सुतक.

"थांबा," इस्तारी म्हणाला. "काय धरलं?"

"सुतक."

वच्छलाबाईनं पदर तोंडाला लावला. "अवो, तुमी जंगल रंगवले का मयत?"

तो हसला नाही. मला म्हणाला, "फोन लावा त्या पोरीले."

मी लावला. शाल्मली आनंदानं बोलली. इस्तारीनं तिला निळीचं सगळं समजावलं, बल्बांचं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काका, तुमचं बरोबर आहे. पण कलाकृती एकदा लोकांसमोर आली की ती पाहणाऱ्याची होते. आज ती निळी दिसते, हाच तिचा आजचा अर्थ."

"पायनाऱ्याचीच हाय ना बाई," इस्तारी म्हणाला. "म्हनून तं म्हनतो, त्याले बरोबर दाखवा."

पुस्तिका छापून झाली आहे, ती म्हणाली. दिवे बसवून झाले आहेत. तुम्ही नक्की या, तुमचा सत्कार आहे.

फोन ठेवल्यावर इस्तारी बराच वेळ कार्ड उलटसुलट करत बसला. "मुंबईले गेला तं तिथी सांगाले कोन जाते? कायमचा निळा होऊन बसन तो. जे कराचं ते चांद्यातच करा लागते." चंद्रपूरला तो अजून जुन्या नावानं चांदाच म्हणतो.

आम्ही तिघं वडश्याहून सकाळच्या गाडीनं निघालो. वच्छलाबाईच्या मांडीवर एक मोठी पिशवी होती, तिला ती कोणाला हात लावू देईना. इस्तारीच्या पायाशी पोत्यात गुंडाळलेली एक लांब फळी. काय आहे, असं मी विचारल्यावर वच्छलाबाईनं पिशवीचं तोंड जरासं उघडलं. धानाच्या तणसात गुंडाळलेले सहा पिवळे बल्ब, दोनशे-दोनशे वॅटचे. फळीवर त्यांचे होल्डर.

"सत्काराले चाललो," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं जाव काय?"

प्रदर्शन शहरातल्या एका जुन्या लाकडाच्या वखारीत होतं. भिंतींना पांढरा रंग दिलेला, वर पांढरेशुभ्र दिवे. समोर ट्रक आत यावा एवढं मोठं दार आणि बाहेर मोकळं अंगण. सहाच्या सुमाराला पाहुणे जमले. आत बऱ्याच गोष्टी होत्या. कोळशाच्या ढिगात अर्धा पुरलेला टीव्ही चालू होता. एका बाजूला लाल दोऱ्यांनी वीसेक पितळी हंडे उंच टांगले होते. वच्छलाबाईनं त्यांच्याखाली उभं राहून वर पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "हंडे तं साजरे हायेत गुर्जी. एकबी गळत नसन. कायले टांगले?"

आणि समोरच्या भिंतीवर, दाराच्या बरोबर समोर, इस्तारीचा पडदा. पंचवीस फूट रुंद, पंधरा फूट उंच. त्या पांढऱ्या उजेडात तो खरोखरच निळा होता. मोहाची खोडं जांभळट, पानं नुसते निळे ठिपके, पायवाट म्हणजे एक मळका पट्टा. लोक त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे राहून फोटो काढत होते. एक बाई म्हणाल्या, "किती उदास वाटतं ना!"

पडद्याला पाठ लावून इस्तारी पावलं मोजत निघाला. गर्दीतून, कोळशाच्या बाजूनं, दारातून बाहेर. अंगणात एका जागी थांबला आणि पायानं मातीत रेघ ओढली.

कार्यक्रम सुरू झाला. नागपूरहून आलेले एक वयस्कर पाहुणे दोन शब्द बोलले. मग शाल्मलीनं माइक हातात घेऊन 'निळ्या अरण्याचे निर्माते' असं म्हणत इस्तारीला बोलावलं. तबकात शाल आणि नारळ होता. पाहुण्यांनी शाल उलगडली तसा इस्तारीनं हात वर केला.

"ठेवा साहेब. शाल तिथीच ठेवा."

माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी हे जंगल निळं रंगवलो नाई. हे हिरवं हाय."

काही जण हसले, दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते नम्रतेचं बोलणं वाटलं असावं.

"हसू नका. तुमची बत्ती पांढरी हाय, अन् तुमी लय जवर उभे हा. आधी बत्ती बदलवा. मंग शाल घेतो."

शाल्मली जवळ आली. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून हळू म्हणाली, "काका, कार्यक्रम संपला की बघू या ना आपण."

"मंग पाहीन कोन? नाश्त्याच्या टेबलावर जातीन सारे."

पाहुणे समजूतदार गृहस्थ होते. शाल हातात धरूनच म्हणाले, "इस्तारीजी, निळं असलं तरी किती सुंदर आहे. कलेत ज्याला जे दिसतं ते खरं."

"साहेब, तुमच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका कोनी तेरवीची म्हनून वाचली, तं चालन तुमाले?"

फोटो काढणारे फोन खाली आले.

"ह्या पडद्यासमोर हिरो-हिरोइन भेटतेत," इस्तारी म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "इथी गानं होते. पोट्टे शिट्ट्या मारतेत. कोनी मरत नाई ह्या जंगलात. अन् तुमी सुतक लिहून ठेवले. मी जित्ता हाव तवर तं सांगीन ना मी. उद्या मुंबईले कोन सांगन?"

मी मागे उभा होतो. चाळीस वर्षांपूर्वीचा ब्रश त्याच्या हातात मला जसाच्या तसा दिसत होता.

शाल्मलीचं हसू गेलं होतं. तिनं पडद्याकडे पाहिलं, हातातल्या पुस्तिकेकडे पाहिलं. राग आवरायला लागतो तेवढा वेळ तिनं घेतला. मग म्हणाली, "पाच मिनिटं."

"पाच मिन्टं लय झाले," इस्तारी म्हणाला आणि पोतं सोडू लागला.

वखारीचं लाइटचं काम पाहायला हेमराज नावाचे एक वायरमन होते, पन्नाशीचे, अंगावर ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातल्या ठेकेदाराचा निळा शर्ट. फळी पाहून त्यांनी मान हलवली. "दोनशेचे सहा? नाई जमत भाऊ. कायचीबी वायर, कायचेबी होल्डर. लोड येईन. साऱ्या हॉलची लाइट गेली तं मले इचारतीन."

वच्छलाबाई तणसातून एक-एक बल्ब काढून इस्तारीच्या हातात देत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी ऊर्जानगरचे ना भाऊ? साऱ्या महाराष्ट्राले बत्ती देता, अन् आमच्या सहा बल्बाले भेता?"

लोक मोठ्यानं हसले. हेमराजही हसले, पण फळी उलटी करून प्रत्येक जोड त्यांनी बोटानं तपासला, एका ठिकाणी टेप गुंडाळली, आणि मगच वायर ओढायला घेतली. फळी पडद्यासमोर जमिनीवर ठेवली, बल्ब पडद्याकडे तोंड करून.

आता इस्तारी लोकांकडे वळला. "चला, सारे बाहेर. त्या रेघेच्या मांगं. अन् खाली बसाचं. खुर्ची नाई."

इथं खरी अडचण झाली. अंगणात माती होती. कोणाची रेशमी साडी, कोणाची पांढरी पँट. दोन माणसं गाडीची किल्ली काढून सरळ निघून गेली. एक जण म्हणाला, "हा काय प्रकार आहे?" कोणीतरी म्हणालं, उभं राहून पाहिलं तर काय बिघडतं.

"उभ्या मानसासाठी रंगवलाच नाई तो," इस्तारी म्हणाला.

एका कोपऱ्यात ताडपत्री पडली होती. मी आणि वखारीच्या पहारेकऱ्यानं ती रेघेमागे पसरली आणि मी पहिला खाली बसलो. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांना 'बसा' म्हणत आलो; त्या दिवशी बसायची पाळी माझी होती. पहारेकरी बसला. चहावाला किटली खाली ठेवून बसला. बाहेर ट्रक लावून उभा असलेला ड्रायव्हर काय चाललंय ते पाहायला आला आणि न विचारता बसला. मग हळूहळू बाकीचे.

पाहुणे अजून उभेच होते. "गुडघे दुखतात हो माझे."

"माहे का दुखत नाई?" इस्तारी म्हणाला.

वच्छलाबाईनं त्यांच्या हातातली शाल घेतली, चार घड्या करून ताडपत्रीवर ठेवली. "घ्या साहेब, ह्याच्यावर बसा. शाल कामी तं येऊ द्या."

पाहुणे बसले. शाल्मलीही येऊन माझ्या शेजारी बसली, गुडघे हातांनी कवटाळून. मला म्हणाली, "सर, मी हा पडदा दुपारीच पाहिला होता. फक्त दुपारी."

हेमराजनं वखारीतले पांढरे दिवे घालवले. अंधारात क्षणभर कोळशातला टीव्ही तेवढा चमकत राहिला. "तेबी बंद करा," इस्तारीचा आवाज आला. मग सहा बल्ब लागले.

मी हे जंगल आधी अनेकदा पाहिलं होतं, मंडईत, थंडीत, मांडीवर मुलगा झोपलेला असताना. तरी मी पुढं वाकलो. निळं काही उरलंच नव्हतं. मोहाची पानं ओली हिरवी झाली. खोडांच्या जांभळट पट्ट्यांची सावली झाली आणि खोडं गोल झाली. तो मळका पट्टा उठून पायवाट झाला, दोन झाडांमधून आत शिरला, वळला, आणि त्या वळणापलीकडे अजून जंगल आहे असं मनाला पटलं. खालून येणाऱ्या उजेडात कापड जरासं हललं, तशी सगळी पालवी हलली.

मग मागून ट्रक ड्रायव्हर ओरडला, "अरे, गानं लावा ना राजेहो!"

हशा पिकला. उदास वाटतं म्हणालेल्या बाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. वच्छलाबाई तेवढी हसली नाही. ती डोळे बारीक करून पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहत होती. शेवटी स्वतःशीच म्हणाली, "नीळ बरोबर हाय."

पाच मिनिटं कधीच उलटून गेली. बल्ब कोणी बंद केले नाहीत, नाश्ता अंगणातच वाटला गेला.

लोक पांगल्यावर शाल्मली इस्तारीजवळ आली. म्हणाली, "पुस्तिका मी मुंबईसाठी नवी छापून घेईन. नावही बदलीन."

"नाव बदलवा का नका बदलवू, तुमची मर्जी. बत्ती न्या संगं." त्यानं फळी तिच्यापुढे सरकवली. "एखादा फुटला तं असाच पिवळा घ्याचा. पांढरा नाई."

"आणि काका, पडद्यावर तुमची सही नाहीये. कोपऱ्यात करता? लोकांना कळायला हवं कोणाचं काम आहे."

"जंगलात नाव लिहीन नाई," इस्तारी म्हणाला. मला ते उत्तर पाठच होतं.

"मग कुठं लिहाल?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. भिंतींना दिलेल्या पांढऱ्या रंगाचा डबा दारामागे होता, तळाशी थोडा रंग आणि त्यात एक जुना ब्रश. तो घेऊन इस्तारी अंगणात आला, ताडपत्रीवर उकिडवा बसला, आणि जिथं रेघेमागे पहिली रांग बसली होती तिथं वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं, 'इथी बसा'. खाली लहान अक्षरांत, 'चाळीस फूट'. त्याच्याही खाली, फार वेळ विचार करून, 'इ. व. मारबते'. काय लिहिलं, हे वच्छलाबाईनं मला विचारलं आणि मधला 'व' तिचा, असं मी वाचून सांगितल्यावर ती पिशवीतलं तणस काढून झाडत बसली.

"हेबी न्याचं मुंबईले," इस्तारी म्हणाला.

शाल्मली ताडपत्रीची टोकं धरून गुंडाळायला वाकली. त्यानं ब्रशनंच तिचा हात अडवला.

"वल्लं हाय अजून. वाळू दे. तवर बस खाली."

ती बसली.